पदवीच्या पहिल्या वर्षातील मुलांची तुटलेली वाक्ये: ती जोडायला कसे शिकवावे?

वाळवंटीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. मी गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेली, पण लेखनात मागे राहिलेली जी मुले असतात, त्यांच्यासाठी आम्ही नेहमीच्या तासांखेरीज एक लेखनवर्ग चालवतो. यातील बहुतेक मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेली आणि घरी कोकणी बोलतात. त्यांना मराठी उत्तम समजते. त्यांच्याजवळ सांगण्यासारखेही पुष्कळ असते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका हळूहळू कमी होतात, असा माझा अनुभव आहे. मात्र एक दोष काही केल्या हटत नाही: वाक्य पूर्ण होण्याआधीच ही मुले पूर्णविराम देऊन मोकळी होतात.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीनंतर माटोळीवर (गणपतीच्या वर रानफळे, फळे-फुले टांगून बांधतात त्या चौकटीवर) लिहायला सांगितले होते. मुलांच्या वह्यांतील वाक्ये एकत्र करून मी वर्गात वापरण्यासाठी जो परिच्छेद तयार केला, तो येथे देते.

«आमच्या घरी चवथ मोठी असते. कारण सगळे काका मुंबईहून येतात. माटोळी बांधण्यासाठी लागणारे सामान. जे रानातून आणावे लागते. बाबा आणि काका पहाटे उठून. कांगण्या, घागऱ्या, सुपारीचे कात्रे घेऊन येताना. पाऊस खूप असतो. जेव्हा माटोळी बांधून होते. तेव्हा घर वेगळेच दिसते.»

हा परिच्छेद वाईट मुळीच नाही. लिहिणाऱ्याला पहाटेचा पाऊस आठवतो, सामानाची नावे ठाऊक आहेत, आणि एका गोष्टीचा दुसरीशी काय संबंध आहे हेही कळते. कारण, जे, जेव्हा, येताना हे शब्द त्या संबंधाचेच आहेत. ज्याला असा संबंध दिसत नाही, त्याची वाक्ये छोटी, सुटी आणि व्याकरणदृष्ट्या निर्दोष असतात. म्हणून तुटलेले वाक्य हे विचार वाढू लागल्याचे लक्षण आहे, असे मी मानते. पण वहीवर लाल गोल काढून "वाक्य अपूर्ण" असा शेरा मारला की मूल पुढच्या वेळी "कारण" लिहिण्याचेच टाळते, आणि मग वाक्य दुरुस्त होते, पण विचार आखडतो.

तेव्हा प्रश्न असा, की मुलांचे संबंध जोडण्याचे धाडस शाबूत ठेवून पूर्णविरामाची जागा त्यांना कशी दाखवावी? शाळेत, महाविद्यालयात किंवा शिकवणीत ज्यांनी हे काम केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पेडण्याचे मास्तर

बाई, विषय फार महत्त्वाचा आहे. मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालो. आमच्या काळी वाक्यपृथक्करण पक्के करून घेत असत. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, उद्देश्याचा विस्तार कोणता, प्रधान वाक्य कोणते आणि गौण वाक्य कोणते, हे फळ्यावर रकाने पाडून दाखवावे लागे. केवल, मिश्र आणि संयुक्त या तीन प्रकारांत वाक्य बसवता आले नाही, तर ते वाक्यच नव्हे, हे मुलाच्या मनात ठसत असे. आता पृथक्करण मागे पडले आहे आणि त्याचा परिणाम आपण पाहत आहोत. माझ्या मते पहिला महिनाभर लेखन बाजूला ठेवून केवळ पृथक्करण करून घ्यावे.

फोंडा_इंग्रजी

मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि हीच अडचण माझ्याही वर्गात आहे. मास्तरांविषयी पूर्ण आदर ठेवून वेगळे मत मांडते. पृथक्करण येणारी मुले पृथक्करण करतात. त्यामुळे ती लिहितानाही पूर्ण वाक्य लिहितील, असे मात्र होत नाही.

इंग्रजी लेखनाच्या बाबतीत याचा बराच अभ्यास झालेला आहे. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये सर्वांना प्रवेश खुला केला, तेव्हा आजवर फारसे न लिहिलेली हजारो मुले एकदम वर्गात आली. त्यांना शिकवणाऱ्या मिना शॉनेसी यांनी त्या मुलांचे ढीगभर निबंध तपासून १९७७ मध्ये जे मांडले, त्याचा गाभा बाईंच्या म्हणण्याशी जुळतो: चुका निष्काळजीपणातून येत नाहीत, त्यांच्यामागे मुलाने स्वतः बसवलेला काही नियम असतो, आणि शिक्षकाने आधी तो नियम शोधावा. पुढे २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरील अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सुटी वाक्ये जोडून मोठी वाक्ये करण्याच्या सरावाचा परिणाम (शून्य म्हणजे काहीच फरक नाही, अशा मापावर) ०.५० इतका चांगला दिसला, तर लेखनापासून तोडून शिकवलेल्या व्याकरणाचा परिणाम उणे ०.३२ निघाला. हे आकडे इंग्रजीचे आहेत, ते जसेच्या तसे मराठीला लावू नयेत. पण दिशा स्पष्ट आहे.

मी वर्गात दोन कसोट्या वापरते. पहिली काळ बदलण्याची: वाक्यात "काल" किंवा "उद्या" घातले की जो शब्द बदलतो, ते खरे क्रियापद. दुसरी रेई नोगुची यांनी १९९१ मध्ये सुचवलेली: एक ठरावीक चौकट द्यायची आणि तिच्या शेवटी मुलाने आपले वाक्य बसवून पाहायचे. चौकटीचा अर्थ साधारण असा, की "अमुक एक गोष्ट त्यांना पटली नाही". पूर्ण वाक्य त्या जागी सहज बसते, तुटलेले अडखळते. मराठीत या कसोट्या चालतील का, हे बाईंनी करून पाहावे.

वाळवंटीकाठ

दोन्ही कसोट्या वर्गात करून पाहिल्या. जे दिसले ते सविस्तर लिहिते, कारण मराठीत त्या अगदी वेगळ्या तऱ्हेने वागतात.

काळ बदलण्याची कसोटी मराठीला इंग्रजीपेक्षाही जास्त मानवते. "बाबा पहाटे उठून" हे घ्या. काल उठून, आज उठून, उद्या उठून, उठून काही हलत नाही. "येताना"चेही तेच. काल येताना, उद्या येताना. "बांधण्यासाठी", "लागणारे", "आल्यावर" हे सगळे शब्द काळाला दाद देत नाहीत. उलट "आणावे लागते" लगेच बदलते: काल आणावे लागले, उद्या आणावे लागेल. धातुसाधित हा शब्द एकदाही न उच्चारता मुलांना कळले, की उठून हा शब्द क्रियेचा असला तरी त्याने वाक्य मिटत नाही. एका मुलाने स्वतःच त्यांना "न मिटणारी क्रियापदे" असे नाव दिले आणि आता वर्गात तेच रूढ झाले आहे. शास्त्रीय संज्ञा नंतर कधीतरी येईल.

या कसोटीचा आणखी एक लाभ झाला. "आमची माटोळी सुंदर." असे एका मुलीने लिहिले होते आणि तिच्या शेजारणीने ते तुटलेले ठरवले. काल घालून पाहिल्यावर "काल आमची माटोळी सुंदर होती" असे सहज झाले. म्हणजे क्रियापद तेथे होतेच, वर्तमानकाळात ते लिहावे लागत नाही एवढेच. "हा माझा भाऊ", "ही आमची शाळा" ही मराठीची सरळ, पूर्ण वाक्ये आहेत आणि क्रियापद दिसत नाही म्हणून त्यांना गोल काढणे हा मुलांवर अन्याय आहे.

चौकटीसाठी मी "मला माहीत आहे की" हे शब्द घेतले. "मला माहीत आहे की सगळे काका मुंबईहून येतात" हे नीट बसते. "मला माहीत आहे की बाबा आणि काका पहाटे उठून" येथे वाचणारा थांबतो आणि पुढच्या शब्दाची वाट पाहतो. "मला माहीत आहे की जे रानातून आणावे लागते" हेही अडते. आज्ञा आणि प्रश्न मात्र या चौकटीत बसत नाहीत. "दार लाव" हे पूर्ण वाक्य असूनही तेथे नापास होते. तेवढा अपवाद मुलांना आधीच सांगून ठेवावा लागतो. "हो ना?" जोडून पाहण्याचा प्रयोगही केला, पण तो निरुपयोगी निघाला, कारण बोलताना आपण "पहाटे उठून, हो ना?" असेही सहज म्हणतो.

आता "जे"विषयी. या एका शब्दावर माझा पूर्ण तास खर्च झाला आणि तो सत्कारणी लागला. «माटोळी बांधण्यासाठी लागणारे सामान. जे रानातून आणावे लागते.» हे तुकडे जोडा, असे सांगितल्यावर जवळजवळ सर्वांनी पूर्णविराम काढून स्वल्पविराम घातला: "माटोळी बांधण्यासाठी लागणारे सामान, जे रानातून आणावे लागते." सगळ्यांना वाटले की झाले. मोठ्याने वाचायला लावले, तेव्हा सामानाचे पुढे काय, हे कोणालाच सांगता येईना. दोन तुटके तुकडे जोडून एक लांब तुटका तुकडा तयार झाला होता. इंग्रजीतील मांडणी मराठी शब्दांत उतरली की असे होते. मग आम्ही नुसते "जे" पुसले: "माटोळी बांधण्यासाठी लागणारे सामान रानातून आणावे लागते." एक शब्द कमी केला आणि वाक्य पूर्ण झाले. दुसरा मार्ग मराठीच्या जुन्या जोडीचा: "माटोळीला जे सामान लागते, ते रानातून आणावे लागते." दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहिली आणि कोणते आवडते ते विचारले. वर्गाचे दोन तट पडले. मुले वाक्याच्या चवीवरून वाद घालत होती, याचा मला मनापासून आनंद झाला.

भाषेचा विद्यार्थी

दोन गोष्टी नोंदवतो.

गोव्यात असा समज आहे, की मुले घरी कोकणी बोलतात म्हणून त्यांची मराठी वाक्ये तुटतात. निदान या दोषाच्या बाबतीत तो समज निराधार आहे. कोकणीतही उठून, येतना यांनी वाक्य मिटत नाही. जेन्ना आले की तेन्ना यावेच लागते. "हें म्हजें घर" हे क्रियापदाशिवाय पूर्ण होते, ते मराठीतल्या "हे माझे घर"सारखेच. वाक्य कोठे मिटते याची जाण मुलाला कोकणीतून आधीच मिळालेली आहे. ती कागदावर उतरत नाही, कारण कागदावरच्या ठिपक्याशी तिची गाठ कोणी घालून दिलेली नाही. तेव्हा कोकणीला दोष देण्याऐवजी तिची मदत घ्यावी.

दुसरी गोष्ट ठिपक्याचीच. आजची विरामचिन्हे मराठीत एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली. मेजर थॉमस कँडी यांची विरामचिन्हांवरील पुस्तिका १८५० ची आहे. मोडीतील जुनी पत्रे आणि दस्तऐवज पाहिले, तर तेथे आजच्यासारखा पूर्णविराम नाही, शब्दांमध्येही अनेकदा जागा नाही. तरीही वाक्य कोठे संपते हे वाचणाऱ्याला कळत होते, कारण शेवटी येणारे क्रियापद ते सांगत होते. मराठी वाक्य मिटवण्याचे काम मुळात क्रियापदाचे आहे आणि पूर्णविराम त्यावर मागाहून आलेला पहारेकरी आहे. मुलांना ठिपका कोठे द्यावा हे शिकवण्याआधी मिटवणारा शब्द शोधायला शिकवावे, हे बाईंचे धोरण मला भाषेच्या प्रकृतीला धरून वाटते.

उपसंपादक_पणजी

मी एका मराठी दैनिकात काम करतो. नव्याने येणाऱ्या वार्ताहरांच्या बातम्या रोज माझ्या हाताखालून जातात, आणि त्यांत हीच वाक्ये असतात. "मुख्यमंत्र्यांनी आज पाहणी करून. संबंधित अधिकाऱ्यांना सूचना." दुसरा तुकडा कोठून आला हे मला ठाऊक आहे. तो मथळ्यातून आला आहे. "पुलाचे काम पूर्णत्वाकडे", "खाणपट्ट्यांचा लिलाव पुढच्या महिन्यात" अशी क्रियापद गाळलेली ओळ मथळ्यात चालते, किंबहुना तेथे तीच हवी. जी मुले केवळ मथळे वाचतात, त्यांना तीच छापील मराठी वाटते. फोनवरील संदेशांचेही असेच आहे. तेथे पाठवण्याची कळ दाबली की विचार संपतो, आणि तोच ठेका कागदावर येतो. माझी सूचना अशी, की मथळा आणि त्याच बातमीचे पहिले वाक्य शेजारी ठेवून मुलांना दाखवावे. "पुलाचे काम पूर्णत्वाकडे" या मथळ्याखाली बातमी सुरू होते, तेव्हा काम कोणते, कोठले, आणि ते कोठवर आले आहे, हे सांगणारे पूर्ण वाक्य लिहावेच लागते. हा सराव मुलांना आवडतो आणि त्यासाठी रोजचे वर्तमानपत्र पुरते.

मात्र "कारण"च्या बाबतीत मला शंका आहे. व्याकरणाच्या पुस्तकांत "कारण" हे गौणत्वदर्शक उभयान्वयी अव्यय आहे, म्हणजे त्याने सुरू होणारे वाक्य एकटे उभे राहू नये. प्रत्यक्षात अग्रलेखांतून, वैचारिक लेखांतून, चांगल्या गद्यातून "कारण"ने सुरू होणारे स्वतंत्र वाक्य सर्रास येते आणि खटकत नाही. मी स्वतः ते कापत नाही. मग वर्गात ते चूक कसे म्हणावे?

पेडण्याचे मास्तर

"कारण" तोडलेले मी कधी चालवून घेतले नाही. पण उपसंपादक म्हणतात ते खरे आहे, छापून येते. बाईंनी निर्णय सांगावा.

वाळवंटीकाठ

यावर बराच विचार केला आणि शेवटी वाचणाऱ्याच्या जागी बसून निर्णय केला.

"कारण सगळे काका मुंबईहून येतात." येथे क्रियापद मिटलेले आहे. ज्या गोष्टीचे कारण सांगितले, ती गोष्ट वाचणाऱ्याच्या हाती आधीच आलेली आहे. तो अधांतरी राहत नाही, फक्त मागे वळून पाहतो. "जेव्हा माटोळी बांधून होते." येथेही क्रियापद मिटलेले आहे, पण वाचणाऱ्याला पुढचे काहीतरी देण्याचे वचन दिले गेले आहे आणि ते देण्याआधीच पूर्णविराम आला. जर, जरी, जोपर्यंत, ज्याअर्थी हे सगळे पुढे पाहणारे शब्द आहेत. त्यांची जोडी, म्हणजे तर, तरी, तोपर्यंत, त्याअर्थी, येईपर्यंत ठिपका देता येत नाही.

म्हणून माझ्या वर्गात आता असे आहे. न मिटणाऱ्या क्रियापदावर संपलेले वाक्य नेहमीच दुरुस्त करायचे. पुढे पाहणाऱ्या शब्दाने सुरू झालेले वाक्य जोडी मिळेपर्यंत थांबवायचे नाही. मागे पाहणाऱ्या "कारण"ला मात्र मोकळीक आहे. आधीचे वाक्य लहान असेल तर स्वल्पविराम देऊन जोडावे, मोठे असेल तर स्वतंत्र ठेवले तरी चालेल. परिच्छेदाची सुरुवात "कारण"ने करू नये, एवढेच बंधन. "आणि", "पण", "म्हणून" यांनी वाक्य सुरू करणे ही तर चूक नव्हेच. काही शाळांत ती चूक म्हणून शिकवतात, त्यामुळे मुले विनाकारण बिचकतात.

तसेच, वर्णनाच्या आरंभी येणारी "मे महिन्याची दुपार." यासारखी ओळही मी ठेवते. तेथे वाचणाऱ्याला वेळ आणि उजेड मिळतो, त्याचे पाऊल अडत नाही. "गोव्यातील खाणी." अशी ओळ निबंधाच्या मध्यावर आली तर मात्र मी एकच प्रश्न विचारते: त्यांचे काय? याचे उत्तर मुलाच्या तोंडून येते, ते उत्तर म्हणजेच राहिलेले विधेय असते. "गोव्यातील खाणी बंद पडल्यावर आमच्या गावातले ट्रक घरांसमोर उभे राहिले," असे एका मुलाने सांगितले. त्याने नुसते "गोव्यातील खाणी." एवढेच लिहिले होते.

सत्तरीची लेक

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मागच्या वर्षी अशाच एका वर्गात होते. विद्यार्थिनीच्या बाजूने लिहिले तर चालेल ना?

बारावीपर्यंत माझ्या वहीवर "वाक्यरचना सुधारा" असा शेरा सतत असायचा. काय सुधारायचे, ते मला कधीच समजले नाही. मनात वाक्य पूर्ण असायचे. लिहिताना हात मध्येच थांबला की मी ठिपका देत असे, कारण ठिपका म्हणजे थांबणे असे मला वाटत होते. आमच्या बाईंनी वर्गात विचारले, की ठिपका कधी देता, तेव्हा अर्ध्या वर्गाने हेच सांगितले: श्वास घ्यायला थांबतो तेव्हा. आमचा नियम होता, फक्त तो चुकीचा होता.

मला उपयोग झाला तो ऐकण्याचा. मी आणि माझी बहीण रात्री बसून माझा निबंध वाचायचो. मी एक वाक्य वाचून थांबायचे. ते अर्धे असेल तर ती "मागीर?" (कोकणीत "मग पुढे?") म्हणायची. "बाबा आणि काका पहाटे उठून." मागीर? तिथे मला कळायचे, की उठून ते काय करतात हे मी लिहिलेलेच नाही. बहीण आठवीत आहे, तिला व्याकरण शिकवावे लागले नाही.

पेडण्याचे मास्तर

बाळ, तुझा अनुभव वाचून फार समाधान वाटले. श्वासाचा नियम मुले शाळेतूनच शिकतात, हेही कबूल करायला हवे. वाचन शिकवताना आम्ही "पूर्णविरामाला थांबा" असे सांगतो, मूल त्याचा अर्थ "थांबलात की पूर्णविराम" असा लावते.

पण "मागीर?" या कसोटीत एक अडचण दिसते. गोष्ट रंगली की ऐकणारा पूर्ण वाक्यानंतरही "मागीर?" म्हणणारच. "बाबा रानात गेले." मागीर? हे कुतूहल झाले. मग मुलाला फरक कसा कळावा?

यावर माझा एक जुना उपाय आहे. निबंध शेवटच्या वाक्यापासून उलट वाचायचा. शेवटचे वाक्य, मग त्याच्या आधीचे, मग त्याच्याही आधीचे. गोष्ट उलटी झाली की ओघ आणि कुतूहल दोन्ही संपतात, आणि प्रत्येक वाक्य स्वतःच्या पायावर उभे आहे की नाही एवढेच उरते. «तेव्हा घर वेगळेच दिसते.» ठीक. «जेव्हा माटोळी बांधून होते.» हे पडते. «पाऊस खूप असतो.» ठीक. «कांगण्या, घागऱ्या, सुपारीचे कात्रे घेऊन येताना.» पडते. पूर्वी मी हे शुद्धलेखन तपासण्यासाठी करून घेत असे, पण या कामाला ते अधिक उपयोगी पडेल.

पृथक्करणाचा माझा आग्रह मी सोडलेला नाही. परंतु ते लेखनाच्या आधी न करता, मुलाने स्वतः दुरुस्त केलेल्या वाक्यावर नंतर करावे, हे पटले.

फोंडा_इंग्रजी

मास्तरांनी नोंदवलेला «येताना»चा तुकडा पुन्हा पाहावा. तो मागच्या वाक्याला जोडायचा की पुढच्या? वर्गात हा प्रश्न आला का?

वाळवंटीकाठ

आला, आणि त्या परिच्छेदातील सर्वांत मोलाची जागा तीच ठरली. तुकडा मागे जोडला तर: "बाबा आणि काका पहाटे उठून कांगण्या, घागऱ्या आणि सुपारीचे कात्रे घेऊन येतात." पुढे जोडला तर: "कांगण्या, घागऱ्या आणि सुपारीचे कात्रे घेऊन येताना पाऊस खूप असतो." पहिल्यात सामान महत्त्वाचे, दुसऱ्यात पाऊस. दुसरा मार्ग घेतला, की "बाबा आणि काका पहाटे उठून" हा तुकडा उघडा पडतो आणि त्याला "रानात जातात" असे स्वतःचे क्रियापद द्यावे लागते. एका मुलीने तसेच केले: "बाबा आणि काका पहाटे उठून रानात जातात. कांगण्या, घागऱ्या, सुपारीचे कात्रे घेऊन येताना पाऊस इतका असतो, की दोघेही भिजून घरी पोहोचतात." शेवटचे पाच शब्द मूळ परिच्छेदात नव्हते. जोडायला बसल्यावर तिला ते सुचले. दुरुस्ती म्हणजे खोडणे नसून लिहिणेच आहे, हे वर्गाला त्या वाक्याने दाखवले.

यावरून तपासण्याची पद्धतही मी बदलली. आता मी वाक्याला गोल काढत नाही. ज्या ओळीत वाक्य तुटले असेल त्या ओळीसमोर समासात एक बारीक फुली करते. तुकडा कोठे आहे, तो मागे जातो की पुढे, की त्याला स्वतःचे क्रियापद हवे, हे मूल शोधते. एका निबंधात दोन-तीन फुल्यांहून अधिक मी करत नाही, बाकीच्या जागा पुढच्या खेपेला येतात. सगळ्या एकदम दाखवल्या, तर वही मिटून ठेवण्याखेरीज मुलापुढे मार्ग उरत नाही.

एक धोका मात्र सर्वांनी लक्षात ठेवावा. तुटलेल्या वाक्याची भीती बसली, की मुले सगळेच जोडू लागतात. उठून, जाऊन, आणून, बांधून अशी माळ ओवत पानभर एकच वाक्य चालते. येथे मराठीचा एक नियम कामी येतो: सर्वसाधारणपणे "-ऊन" हा प्रत्यय लागलेल्या क्रियेचा आणि शेवटच्या क्रियापदाचा कर्ता एकच असावा लागतो. "बाबा रानातून येऊन आई माटोळी बांधते" हे कानाला लगेच खटकते. "बाबा रानातून आल्यावर आई माटोळी बांधते" हे चालते, कारण आल्यावर या रूपाला कर्ता बदललेला चालतो. कर्ता बदलला की एकतर रूप बदलावे किंवा ठिपका द्यावा. एवढे सांगितल्यावर लांबलेली वाक्ये बरीच आटोक्यात आली.

उपसंपादक_पणजी

समासातल्या फुलीची कल्पना आमच्या नव्या वार्ताहरांसाठी उद्यापासूनच वापरतो. आजवर मी त्यांची वाक्ये स्वतःच दुरुस्त करून छापायला देत होतो, त्यामुळे त्यांना काही कळत नव्हते.

बीएड_मडगाव

उत्तम चर्चा चालू आहे. एक व्यावहारिक शंका विचारते. परीक्षेत उलट वाचायला वेळ नसतो आणि शेजारी "मागीर?" म्हणणारी बहीणही नसते. दहावी-बारावीच्या मुलांना परीक्षेपुरते काय सांगावे?

पेडण्याचे मास्तर

शेवटची पाच मिनिटे राखून ठेवायला सांगावे. संपूर्ण निबंध वाचू नये. केवळ पूर्णविरामांवर बोट ठेवत जावे आणि प्रत्येक ठिपक्याच्या अलीकडचा शब्द पाहावा. तेथे ऊन, ताना, ण्यासाठी, ल्यावर, ल्यामुळे यांनी संपणारा शब्द असेल, तर तो ठिपका खोडून वाक्य पुढे न्यावे. मग ठिपक्याच्या पलीकडचा शब्द पाहावा. तेथे जे, जो, जी, जेव्हा, जर, जरी असेल, तर त्याची जोडी त्याच वाक्यात आली आहे का, हे तपासावे.

वाळवंटीकाठ

मास्तरांचे उत्तर मी शब्दशः फळ्यावर लिहीन. त्यात एवढीच भर घालते, की परीक्षेत ठिपका खोडल्यावर पुढच्या वाक्याशी जोडणे शक्य नसेल, तर त्या तुकड्याला दोन-तीन शब्दांचे स्वतःचे क्रियापद द्यावे. त्यासाठी ओळीच्या वर जागा राहावी, म्हणून मी मुलांना पहिल्या दिवसापासून एक ओळ सोडून लिहायला लावते.